ओढ्यातली पाषाणमाशी: शोधायची कशी, वाढवायची कुठं आणि घरी का आणायची नाही

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत कुणीतरी मला व्हिडिओ पाठवतं. मंडळी गगनबावड्याकडं सहलीला गेलेली असतात. पाण्याच्या बाटलीत एक चपटं, दोन शेपट्यांचं किडं असतं आणि ते तळाशी जोर काढत असतं. खाली ओळ: "सर, बघा कसा व्यायाम करतंय!" दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा मेसेज: "सर, मेलं."

तो व्यायाम नव्हता. पाण्यातला ऑक्सिजन संपत आला की पाषाणमाशीचं पिल्लू पायांवर अंग वर-खाली करतं, कल्ल्यांवरून पाणी फिरतं राहावं म्हणून. म्हणजे तुम्ही त्याची घुसमट चित्रित करत होता.

इंटरनेटवरचे सल्लेही कामाचे नाहीत. बहुतेक युरोप-अमेरिकेतले. "फेब्रुवारीत बर्फावर चालणाऱ्या काळ्या माश्या शोधा" म्हणतात. तिकडं ते खरंच आहे, तिथल्या काही जाती भर हिवाळ्यात बाहेर पडून बर्फावर फिरतात. आपल्याकडं फेब्रुवारीत बर्फ फक्त रसवंतीत. उरलेले सल्ले मत्स्यालयवाल्यांचे: एअर पंप लावा, गोटे टाका, झालं. काही होत नाही. दोन हंगाम मी तेच करून बसलोय.

म्हणून हा लेख. आपल्या ओढ्यांत पाषाणमाशी शोधायची, ओळखायची आणि तिचं पाण्यातलं पिल्लू पंख फुटून उडेपर्यंत नोंदवायचं, त्याची रीत. मराठीत हिला रूढ नाव नाही. खेड्यात विचाराल तर "दगडाखालचं किडं" एवढंच सांगतील. इंग्रजी स्टोनफ्लायवरून मी पाषाणमाशी म्हणतो, तुम्हाला दुसरं सुचलं तर ते वापरा.

आधी ती राहते कुठं

या गणाचं शास्त्रीय नाव प्लेकॉप्टेरा, म्हणजे घडीच्या पंखांचे कीटक. हे नाव १८३९ साली बुर्माइस्टर या जर्मन शास्त्रज्ञानं दिलं. जगभरात साडेतीन हजारांवर जाती आहेत आणि अंटार्क्टिका सोडलं तर सगळ्या खंडांवर आहेत. यांना कोष नसतो. अंडं, पिल्लू, माशी, एवढ्या तीनच अवस्था. आयुष्याचा बहुतेक काळ पाण्यात जातो. डझनभर ते दोन डझन वेळा कात टाकायची, मग एका रात्री पाण्याबाहेर यायचं, पंख पसरायचे आणि काही दिवसांत संपायचं.

"पाषाणमाशी म्हणजे थंड, फेसाळत्या, अगदी स्वच्छ पाण्यातलीच" हे वाक्य जिथं वाचाल तिथं थोडं मीठ टाका. युरोपात जवळजवळ सगळीकडं सापडणारी निमुरा सिनेरिया ही अगदी सामान्य जात घ्या. ती संथ चरांत, तळ्यांच्या काठाला, दलदलीच्या कडेलाही तग धरते. तिची पिढी साधारण वर्षाची, फार थंड भागात जास्त वेळ घेते. त्याच युरोपात, ब्रिटनमध्ये, पर्ला आणि डायनोक्रास या मोठ्या पाषाणमाश्या वाहत्या, दगडाळ नद्या सोडत नाहीत आणि त्यांची पिल्लं तीन वर्षं पाण्यात काढतात. एकाच गणात इतका फरक. त्यामुळं तिकडच्या एखाद्या जातीचं जीवनचक्र उचलून आपल्या ओढ्याला चिकटवू नका.

आपल्याकडं सह्याद्रीत हमखास हाती लागते ती पर्लिडी कुळातली, आणि त्यातही बहुतेकदा नियोपर्ला. या वंशात दोनशेहून अधिक जाती आहेत. आशिया, सहारापलीकडचा आफ्रिका आणि उत्तर अमेरिका असा तिचा पसारा. युरोपात मात्र नाही. तिकडच्या पुस्तकांत ती का भेटत नाही, याचं उत्तर तेच. उष्ण प्रदेशातल्या पाण्यात तगणाऱ्या मोजक्या पाषाणमाश्यांपैकी ती एक. म्हणून कोल्हापूरकरांना ती तासाभराच्या अंतरावर भेटते.

जागा आणि वेळ

कोल्हापूरची पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. पाचवी सरस्वती श्रद्धेची. या चौघींच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्याच्या बाजूला जायचं. गगनबावडा रस्त्यानं साळवणच्या पुढं, आंबा घाटाच्या बाजूला, किंवा या चौघींच्या बाहेर भुदरगड-आजऱ्याच्या डोंगरओढ्यांत. खाली उसाच्या पट्ट्यात उतरलात की काम संपलं. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की मागं पाणी तुंबतं, तळाला गाळ बसतो, आणि गाळात पाषाणमाशीला जागा नाही. बंधाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्या पाण्यावर आमचाही ऊस आहे. पण तिथं दगड उलटत बसू नका.

दाजीपूर-राधानगरी अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक किडाही उचलायचा नाही. "एवढंसं तर आहे" हे उत्तर तिथं चालत नाही आणि चालूही नये.

हंगाम: नोव्हेंबरअखेर ते मार्च. पावसाळ्यात जाऊ नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की आपण शहरात बसून आकडे बघतो. त्याच वेळी वरच्या ओढ्यात गुडघाभर पाण्याचं छातीभर व्हायला फार वेळ लागत नाही.

ओढ्यात कुठं बघायचं, ते आवाजावरून ठरवा. खळाळ ऐकू येतो तिथं. डोह सोडा. दगड नारळाएवढा असावा आणि नुसता टेकलेला असावा, रुतलेला नको. उचलताना 'चपक' असा आवाज आला तर तो गाळात बसलाय, खाली फट नाही, फटीशिवाय पिल्लू नाही. पुढं चला. दोन दगडांत अडकलेला पाचोळाही झाडून बघा, लहान पिल्लं तिथं असतात.

पकडणं

सामान सांगण्यासारखं नाही: जाळी किंवा मोठी गाळणी, पांढरा ट्रे, मऊ ब्रश, दहापट दाखवणारं भिंग, डबी. गाळणी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची, वरच्या अंगाला दगड हातानं चोळायचा, आलेलं सगळं ट्रेमध्ये पाण्यात उलटायचं. पाच मिनिटांचं काम.

एकच ताकीद. आमच्या ओढ्यावर एक मामा खेकडी धरायला येतात. पहिल्या वर्षी त्यांनी मला झापलं होतं: "मास्तर, दगड जसा हुता तसा ठेवा. उलटा टाकलासा तर खालचं घर उन्हात पडतंय, आन् वरचं शेवाळ अंधारात मरतंय." त्या दिवसापासून मी वर्गातल्या पोरांना आधी दगड ठेवायला शिकवतो, उचलायला नंतर.

ओळख, आणि दोन शेपट्यांचा सापळा

ट्रेमध्ये पिल्लं पळतात ती लहान झुरळासारखी. पिवळट तपकिरी, चपटी, डोक्या-छातीवर गडद नक्षी, मागं दोन लांब शेपट्या. पूर्ण वाढलेलं दीड सेंटिमीटरच्या आसपास.

इथंच सगळे फसतात. "दोन शेपट्या म्हणजे पाषाणमाशी, तीन म्हणजे मेफ्लाय" हा नियम शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांतही असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. मेफ्लाय हा वेगळा कीटक, त्याचीही पिल्लं पाण्यातच वाढतात. बहुतेक मेफ्लायना तीन शेपट्या असतात, पण सगळ्यांना नाही. एपिओरस नावाची चपटी मेफ्लाय वेगवान पाण्यात दगडाला चिकटून असते आणि तिला दोनच असतात. एक अख्खा हंगाम मी तिची संख्या पाषाणमाशीच्या रकान्यात भरली. वहीची अठ्ठावीस पानं. मार्चमध्ये भिंग नीट धरलं तेव्हा कळलं, आणि पानं फाडावी असं वाटलं. फाडली नाहीत, तिरकी रेघ मारून ठेवलीत.

तेव्हा शेपट्या मोजू नका, कल्ले बघा. पर्लिडीच्या पिल्लाचे कल्ले पायांच्या मुळाशी, काखेत असतात: पांढरट दोऱ्यांचे झुबके, पाण्यात हलणारे. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना असतात, पानांसारखे. दुसरी खूण पायाच्या टोकाला: पाषाणमाशीच्या प्रत्येक पायाला दोन नख्या, मेफ्लायच्या पिल्लाला एक. तिसरी, हौस असेल तर: डोक्यावरचे साधे डोळे. पुष्कळ पाषाणमाश्यांना तीन असतात. दोनच दिसले तर नियोपर्ला किंवा तिची जवळची भावंडं.

महिन्याची मोजणी

जीवनचक्र कळायला पिल्लं घरी न्यावी लागत नाहीत. महिन्यातून एकदा, त्याच खळाळात, तेवढाच वेळ शोधायचं, सापडलेल्या प्रत्येक पिल्लाच्या डोक्याची रुंदी मोजायची आणि सोडून द्यायचं. लांबी मोजू नका, पिल्लू अंग आखडतं-ताणतं. डोकं कातीगणिकच वाढतं. मी आलेख कागदाचा तुकडा लॅमिनेट करून पांढऱ्या चमच्यात चिकटवलाय. चमच्यात थेंबभर पाणी, त्यात पिल्लू, वरून मोबाईलनं फोटो, रुंदी संध्याकाळी घरी बसून मोजायची.

थंड देशांत हे आकडे मांडले की पायऱ्या दिसतात: यंदाची पिल्लं एका ढिगात, गेल्या वर्षीची दुसऱ्या. उष्ण प्रदेशात पायऱ्या पुसट होतात, कारण माश्या बराच काळ निघत राहतात आणि अंडी थोडी थोडी पडत राहतात. माझ्या ओढ्यात जानेवारीच्या एकाच ट्रेमध्ये साबुदाण्याच्या दाण्यात मावेल एवढं पिल्लूही असतं आणि पंखांच्या कळ्या फुगलेलं थोराडही. पहिल्या वर्षी मला वाटलं मोजणीत चूक आहे. चूक नाही, इथली तऱ्हाच तशी आहे. तीन महिन्यांच्या आकड्यांवरून "वर्षात एक पिढी" असं लिहून मोकळे होऊ नका.

शेवटची कात: इथं सगळे हरतात, मीही हरलो

आता खरं काम. पिल्लाचं नाव पिल्लावरून जवळजवळ लागत नाही. नाव लागतं पंखवाल्या माशीवरून, त्यातही नरावरून. त्यामुळं हे पिल्लू आणि ही माशी एकच, हे दाखवणारा पुरावा मोलाचा, आणि तो मिळवायचा मार्ग एकच: पिल्लू आपल्या नजरेखाली माशी व्हायला हवं आणि त्याची टाकलेली कात हाती राहायला हवी.

पहिल्या हंगामात मी ती घरी आणली. दोन फुटी काचेची टाकी, पंप, ओढ्याचेच गोटे, ओढ्याचंच कॅनभर पाणी. सहा पिल्लं. सकाळी तीन. टाकीला झाकण होतं, कुठं गेली कळेना. मग एका दगडाखाली दोन शेपट्या आणि अर्धं पोट सापडलं. पर्लिडीची पिल्लं शिकारी असतात हे मी वाचलं होतं, मेफ्लायची पिल्लं आणि डासवर्गीय अळ्या खातात. एकमेकांनाही खातात, हे त्या सकाळी समजलं. उरलेली तीन आठवडाभरात मेली.

दुसऱ्या हंगामात सहा बरण्या, सहा नळ्या, प्रत्येकीत एक पिल्लू. मार्चची दुपार आली आणि तीन दिवसांत सगळी गेली. पंप चालू होता की! हिशोब मला उशिरा कळला. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लीटरमागं ऑक्सिजन मावतो सुमारे ९ मिलिग्रॅम. ३० अंशाला साडेसात. पंप कितीही फुरफुरू दे, त्यापेक्षा जास्त मावत नाही. उलट पाणी तापलं की किड्याची भूक आणि श्वासाची गरज वाढते. वर प्रवाह नाही, म्हणजे कल्ल्यांवरून ताजं पाणी सरकत नाही. आमच्या घरच्यांनी बरण्यांभोवती फ्रिजमधल्या बर्फाच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली. पाणी सकाळी १८, दुपारी ३१, रात्री पुन्हा २०. तो हेलकावा बहुधा नुसत्या उष्णतेपेक्षा वाईट ठरला.

तेव्हा माझं मत ठाम आहे: कोल्हापूर शहरात घरात पाषाणमाशी वाढवायच्या फंदात पडू नका. गार पाण्याची यंत्रणा असलेली प्रयोगशाळा असेल तर गोष्ट वेगळी. इतरांनी पिंजरा ओढ्यातच लावावा. ओढा हाच पंप, ओढा हाच फ्रिज, आणि वीजबिल नाही.

पिंजरा असा. धान्याचा प्लास्टिकचा डबा घ्या, वीतभर उंचीचा, घट्ट झाकणाचा. चारी बाजूंना खिडक्या कापा, झाकणालाही एक. त्यावर मच्छरदाणीची जाळी आतून चिकटवा. ग्लू गन वापरा, फेव्हिकॉल पाण्यात सुटतो. तळाशी ओढ्यातलाच एक गोटा, वजनालाही आणि लपायलाही.

आता नीट वाचा, माझा तिसरा हंगाम इथं बुडाला. डबा अर्धाच बुडवायचा. मी पूर्ण बुडवून दोन दगडांत पाचर मारून बसवला होता, वाहून जाऊ नये म्हणून. सकाळी जाळीला आतून लटकलेली माशी दिसली: डोकं आणि छाती कातीतून बाहेर, पंख ओल्या कागदासारखे चिकटलेले, उरलेलं अंग आत. कात फाटली तेव्हा तिला हवा हवी होती आणि वर होतं झाकणापर्यंत पाणी. दीड सेंटिमीटरचा जीव, पण बघवत नव्हतं. या माश्या शेवटची कात पाण्यात टाकत नाहीत, चढून कोरड्यावर येतात. डब्याचा वरचा निम्मा भाग कायम कोरडा राहिलाच पाहिजे. रात्रीतून वरच्या शेतातलं पाणी सोडलं तर ओढा दोन-चार बोटं चढतो, तेवढी जागा धरून बसवा.

आणि चढायला पकड हवी. प्लास्टिकवर त्यांच्या नख्या घसरतात. अर्धी कात निघालेली माशी मागं पाण्यात पडली की संपली. मी काठ्या लावून बघितल्या, त्या हलतात. शेवटी गोणपाटाचा पट्टा चिकटवला, तळापासून झाकणापर्यंत. तागाच्या विणीत नखी अशी रुतते की कात दुसऱ्या दिवशीही जागेवर टांगलेली मिळते. या एका पट्ट्यानं माझं काम जितकं सुधारलं तितकं कुठल्याही पुस्तकानं नाही.

मुंग्या उरल्या. डबा काठच्या झाडाच्या मुळाला दोरीनं बांधला की दोरीवरून रांग लागते आणि नुकती निघालेली मऊ माशी त्यांना आयती मिळते. दोरीला काठाकडच्या बाजूला बोटभर ग्रीस लावा. पाण्यात ग्रीस जाऊ देऊ नका.

डब्यात कोणतं पिल्लू ठेवायचं? एका डब्यात एकच, आणि तेही तयार झालेलं. पाठीवरच्या पंखांच्या कळ्या बघा. फिकट असतील तर सोडून द्या, अजून बराच वेळ आहे. काळपट झाल्या असतील, आत घडी घातलेला पंख भिंगातून दिसल्यासारखा वाटत असेल, तर दिवसांचा प्रश्न आहे. अशीच घ्या. म्हणजे महिनाभर खाऊ घालत बसावं लागत नाही. दिवसाआड मेफ्लायचं एखादं पिल्लू टाका, खाल्लं नाही तर समजा रात्र जवळ आली.

डबा खळाळाच्या कडेला, सावलीत. पाणी जाळीतून वाहावं, आपटू नये. रोज सकाळी जाळी जुन्या टूथब्रशनं घासायची. एक दिवस चुकला तर बारीक गाळानं जाळी बुजते आणि आत परत बाटलीच तयार होते. रोज जाणं जमत नसेल तर जवळच्या वस्तीतल्या एखाद्या पोराला हाताशी धरा. माझा जोडीदार सातवीतला आहे, त्याच्या नोंदी माझ्यापेक्षा स्वच्छ असतात.

पिल्लू दुसऱ्या ओढ्यावरच्या डब्यापर्यंत न्यायचं असेल तर पाण्यात नेऊ नका. हे कुणाला पटत नाही. डबीत ओलं शेवाळ किंवा भिजलेला पाचोळा भरा, त्यात पिल्लू ठेवा, डबी थर्मोकोलच्या खोक्यात गार ठेवा. पाणी नाही. डबीभर साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो, ओल्या शेवाळात कल्ले दमट राहतात आणि भोवती हवा असते. गाडीवरून तासभर सुखरूप जातं.

ती रात्र

एकदा तरी थांबून बघा. अंधार पडल्यावर, टॉर्चला लाल कागद लावून. पिल्लू गोणपाटावर चढतं आणि थांबतं, इतकं निश्चल की मेलं वाटावं. मग छातीच्या पाठीकडच्या बाजूला मधोमध चीर पडते. आधी पाठीचा कुबड बाहेर, मग डोकं मागं खेचल्यासारखं सुटतं, पाय एकेक निघतात, आणि शेवटी पोट. निघालेला जीव सोललेल्या उसाच्या रंगाचा, डोळे तेवढे काळे. पंख चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारखे, बघता बघता सरळ होतात आणि पाठीवर सपाट घडी पडते. थर्मासमधला चहा संपायच्या आत सगळं उरकतं.

आता हात लावायचा नाही. ताबडतोब अल्कोहोलमध्ये टाकली तर पंख सुरकुततात आणि ओळखीचे अवयव मऊ राहून निकामी होतात. एक दिवस तिला डब्यातच कोरड्या भागात राहू द्या, रंग गडद होईल. मग माशी आणि तिचीच कात एकाच कुपीत, ८० टक्के अल्कोहोलमध्ये. कात वेगळ्या डबीत ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. मग पुरावा कसला राहिला?

कुपीत चिठ्ठी हवीच: ओढा, गाव, उंची, तारीख, कुणी धरलं. पेन्सिलनं, जाड कागदावर, आत. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये निळं सरबत होते, हेही स्वानुभवानं.

सगळ्या माश्या मारायच्या नाहीत. तीन-चार कुप्या पुरे, बाकीच्या सोडा. पर्लिडीच्या माश्या बहुधा खात नाहीत, पाणी तेवढं पितात, असतील ते दिवस जोडीदार शोधण्यात घालवतात. या गणातल्या पुष्कळ जातींत नर पोटाचं टोक पान किंवा फांदीवर आपटून संदेश देतो आणि मादी तसंच आपटून उत्तर देते.

एखाद्या मादीच्या पोटाखाली तपकिरी-काळी गोळी चिकटलेली दिसली तर नशीब समजा. ती अंडी. काचेच्या बशीत पाण्याचा थेंब ठेवा आणि तिच्या पोटाचं टोक त्याला टेकवा. गोळी विरघळल्यासारखी सुटते, दाणा दाणा वेगळा होतो आणि काचेला असा धरतो की ब्रशनं सरकत नाही. ओढ्यात मादी पाण्यावर टेकून हेच करते, अंडी तळाशी जाऊन दगडाला चिकटतात, वाहून जात नाहीत. काही जातींची अंडी तर प्रतिकूल काळ सुप्त राहून काढतात.

माश्या शोधायचा सोपा मार्गही आहे: ओढ्याजवळ पांढरी चादर आणि दिवा. नियोपर्ला दिव्याला येते. पण पिल्लाशी नातं जुळत नाही, एवढं लक्षात ठेवा. चादरीवर कॅडिसफ्लाय नावाचे दुसरे पाणकीटकही येतील. त्यांचे पंख छपरासारखे उतरते, केसाळ, आणि शेपट्या नाहीत. पाषाणमाशीचे पंख पाठीवर आडवे, मागून दोन शेपट्या डोकावतात.

नाव लिहिताना

वंशापर्यंत लिहा आणि थांबा. नियोपर्लाच्या जाती नराच्या जननेंद्रियावरच्या काट्यांवरून आणि अंड्याच्या कवचावरच्या नक्षीवरून ठरतात, मोबाईलच्या फोटोवरून नाही. उत्तर अमेरिकेत कित्येक दशकं नियोपर्ला क्लायमेनी ही एकच सर्वदूर पसरलेली जात आहे असं समजलं जायचं. नरांचे अवयव नीट तपासल्यावर त्या एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. आफ्रिकेतल्या नियोपर्ला स्पियोचंही तेच. तिथल्या अभ्यासकांचं तसं झालं, तर आपण व्हॉट्सअॅपवर जातीचं नाव कशाला ठोकायचं? कुप्या विद्यापीठातल्या कीटकशास्त्राच्या माणसाला दाखवा.

दुसरी घाई पाण्याच्या निकालाची. ब्रिटनमध्ये नद्यांसाठी केलेल्या जुन्या गुणांकनात पर्लिडी कुळाला १० पैकी १० गुण होते, लाल अळ्यांच्या कुळाला २. त्यावरून "पाषाणमाशी नाही म्हणजे पाणी घाण" असे मथळे येतात. ते गुण तिकडच्या नद्यांचे. आणि एका दुपारी दोन दगड उलटून "नाही" म्हणता येत नाही. गाळ असेल, ओढा गेल्या उन्हाळ्यात आटला असेल, किंवा तुम्ही डोहात शोधलं असेल. चार महिने, चार खेपा, त्याच खळाळात मिळाली नाही, तर मग बोलू.

वळवाच्या आधी डबे काढून आणा. एप्रिलचा शेवट धरून चाला, ढगांवर विसंबू नका. दोन वर्षांपूर्वी मी एक डबा "उद्या आणू" म्हणून ठेवला आणि रात्री वळीव आला. आठवड्यानं तो खाली पाऊण मैलावर, बंधाऱ्याच्या बरग्याला अडकलेला सापडला. झाकण गेलेलं, जाळी एका बाजूनं फाटलेली, आत गाळ. गोणपाटाच्या पट्ट्यावर मात्र, अगदी वरच्या टोकाला, कात टांगलेली होती, पाठीवर चीर पडलेली. वहीत त्या डब्यापुढं मी लिहिलंय: कात आहे, माशी नाही, निघाली ती तारीख माहीत नाही.